पॅरिस कॉन्झर्व्हेटरी आणि आजचं पाश्चात्त्य अभिजात संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत ऐकत मोठ्या झालेल्या रसिकाने विसाव्या-एकविसाव्या शतकातलं पाश्चात्त्य अभिजात संगीत पहिल्यांदा ऐकलं, की ठरावीक प्रश्न हमखास पडतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना जगभर न भटकता एकाच संस्थेच्या आसपास राहिलो आहे, ती म्हणजे पॅरिस कॉन्झर्व्हेटरी. गेल्या शंभर वर्षांतल्या नव्या संगीताच्या कितीतरी वाटा तिच्या वर्गांतून निघाल्या, आणि त्यातली एक तर आपल्या देवगिरीवरून गेलेली आहे.

‘समकालीन अभिजात’ म्हणजे काय? अभिजात म्हणजे जुनंच ना?

अभिजात परंपरेत शिकलेल्यांनी, बहुतांशी त्याच वाद्यांसाठी, स्वरलिपीत लिहिलेलं अलीकडचं संगीत. ढोबळमानाने दुसऱ्या महायुद्धानंतरचं म्हणा. मोझार्ट, बेथोव्हेन हेही आपापल्या काळात समकालीनच होते आणि त्यांच्या श्रोत्यांना नव्या रचनेचीच ओढ असे. दिवंगतांच्या रचना पुन्हापुन्हा वाजवायच्या, ही रीत खऱ्या अर्थाने रुजली ती एकोणिसाव्या शतकात. या संगीताची अशी एकच शैली नाही. त्यामुळे एक रचना आवडली नाही म्हणून सगळ्यावर काट मारू नका.

कॉन्झर्व्हेटरी म्हणजे आपल्याकडच्या संगीत विद्यालयासारखीच का?

काही बाबतींत. पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी १७९५ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने स्थापन केली. क्रांतीच्या सार्वजनिक सोहळ्यांना वादक हवे होते, ते तयार करणं हा सुरुवातीचा एक हेतू. म्हणजे राजाश्रय किंवा गुरुगृह यांच्याऐवजी सरकारी खर्चाने चालणारी शाळा. १९९० पासून ती शहराच्या ईशान्य टोकाला ला व्हिलेत इथे आहे. एके काळी तिथे पॅरिसचे कत्तलखाने होते. आताची इमारत ख्रिस्तियाँ द पोर्झांपार्क या वास्तुविशारदाची. शेजारीच फिलहार्मोनी द पारी हे २०१५ मध्ये उघडलेलं भव्य सभागृह.

प्रवेश स्पर्धा-परीक्षेतून मिळतो. आत गेल्यावर विद्यार्थी आपलं वाद्य तर शिकतोच, शिवाय स्वरलिपी पाहताक्षणी वाचणं, ऐकलेलं लिहून काढणं, चार-पाच जणांत मिसळून वाजवणं, रचनेची चिरफाड करून तिची बांधणी समजून घेणं हे सगळं येतं. घराण्यात एका गुरूचा आवाज वर्षानुवर्षं कानात मुरतो, तसं इथे होत नाही. इथली मोठी गोष्ट वेगळी आहे: रचना लिहायला शिकणारे आणि वाजवायला शिकणारे एकाच छपराखाली असतात. माझ्या मते नव्या संगीताचं सगळं बळ या शेजारात आहे. लिहिणारी मुलगी जिना उतरून क्लॅरिनेटवाल्या मित्राला गाठते, ‘हे असं वाजेल का?’ विचारते, तो वाजवून दाखवतो, आणि बहुधा सांगतो की असं नाही वाजणार, पण असं वाजेल. दुसऱ्या दिवशी कागद बदललेला असतो.

विद्यार्थ्यांच्या हाती नव्या रचना का देतात? आधी जुनं पक्कं व्हायला नको का?

जुनं पक्कं होतंच. पण पॅरिसमध्ये परीक्षेसाठीच नवी रचना लिहून घेण्याची फार जुनी चाल आहे. वर्षअखेरच्या स्पर्धेसाठी एखाद्या रचनाकाराला सांगून बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट यांसाठी नवा तुकडा लिहून घ्यायचा. कुणाचं तरी गाजलेलं वादन ऐकून नक्कल करण्याची सोयच उरत नाही.

या परीक्षांनी जगाला काय दिलं ते पाहा. बासरीसाठी गाब्रिएल फोरे यांची ‘फँटेसी’ १८९८ ची. क्लॅरिनेटसाठी क्लोद देब्युसी यांची ‘पहिली ऱ्हॅप्सडी’ १९१० च्या परीक्षेची. ट्रम्पेटसाठी जॉर्ज एनेस्कू यांची ‘लेजांद’ १९०६ ची. १९४४ साली आंद्रे झोलिव्हे यांनी बासरीसाठी ‘शाँ द लिनोस’ लिहिली आणि ती वाजवून पहिलं बक्षीस मिळवलं झाँ-पिएर रांपाल या तरुणाने. पुढे विसाव्या शतकातला सर्वांत नावाजलेला बासरीवादक तोच. ऑलिव्हिए मेस्सियाँ यांची ‘ल मेर्ल न्वार’, म्हणजे ब्लॅकबर्ड पक्ष्यावरची बासरी-पियानोची छोटी रचना, हीसुद्धा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची परीक्षेचीच रचना. आज हे सगळे तुकडे जगभरच्या मैफलींत वाजतात. प्रश्नपत्रिकेचं असं भाग्य क्वचितच उजळत असेल!

मेस्सियाँ हे नाव सारखं का येतं?

कारण एवढे शिष्य घडवणारा दुसरा शिक्षक या काळात सापडणं अवघड. जन्म १९०८, आव्हिन्यों इथला. अकराव्या वर्षी कॉन्झर्व्हेटरीत दाखल झाले. पॉल द्युका आणि मार्सेल द्युप्रे हे त्यांचे गुरू. १९३१ पासून १९९२ मध्ये निधन होईपर्यंत पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवत. १९४१ पासून कॉन्झर्व्हेटरीत शिकवायला लागले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. रचनेचे प्राध्यापक हे पद मात्र त्यांना १९६६ मध्ये मिळालं. त्याआधीची बरीच वर्षं ते हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, आणि ‘विश्लेषण’ अशा साध्या नावांचे वर्ग घेत आणि खरं शिक्षण त्यातच होई.

त्यांच्या वर्गात बसलेल्यांची नावं घ्या: पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन, यानिस झेनाकिस, जेरार ग्रिझे, त्रिस्ताँ म्युराय, जॉर्ज बेंजामिन. यातल्या कुणाचंही संगीत दुसऱ्यासारखं नाही आणि मेस्सियाँसारखंही नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. झेनाकिस ग्रीसमधून आलेला निर्वासित, शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात, म्हणजे चंडीगडची आखणी करणाऱ्यांकडे, काम करत होता. हार्मनीचे धडे पहिल्यापासून गिरवावेत का, असं त्याने विचारलं तेव्हा मेस्सियाँनी नको म्हणून सांगितलं. गणित आणि स्थापत्य तुला येतं, त्यातूनच संगीत कर, असा त्या सल्ल्याचा आशय होता. झेनाकिसने तेच केलं. शिष्याला आपला गळा न देणारा गुरू विरळाच.

आणि देवगिरीचा काय संबंध?

तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणं मूळचं काश्मीरचं, त्याचे आजोबा दक्षिणेत आले. या शार्ङ्गदेवाने देवगिरीत, म्हणजे आजच्या दौलताबादेत, ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धती त्याला आपला मानतात. त्याच्या तालाध्यायात १२० देशी तालांची यादी आहे.

सातेकशे वर्षांनी ही यादी पॅरिसला पोचली. ‘संगीताचा विश्वकोश आणि कॉन्झर्व्हेटरीचा शब्दकोश’ अशा लांबलचक नावाचा एक मोठा फ्रेंच ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभी निघाला. त्यात भारतावरचं प्रकरण झोआनी ग्रोसे यांनी लिहिलं आणि १२० तालांचा तक्ता दिला. तरुण मेस्सियाँच्या हाती हा तक्ता पडला आणि त्यांनी तो आयुष्यभर सोडला नाही.

त्यांना त्यात काय दिसलं, हे समजायला शाळेतली वृत्तं आठवा. लघु, गुरू, आणि तीन लघूंएवढा प्लुत. शार्ङ्गदेवाच्या तालांत याशिवाय लघूच्या निम्मा द्रुत आणि एखादा काल किंचित लांबवणारी विरामाची खूण असते. ताल म्हणजे अशा कमीजास्त कालखंडांची माळ. युरोपातलं संगीत तेव्हा बहुतांशी दोन, तीन, चारच्या समान ठोक्यांत चालत होतं. त्यापुढे ही विषम माळ मेस्सियाँना मोकळ्या श्वासासारखी वाटली असणार. ‘ढेंकी’ हा ताल घ्या: गुरू, लघु, गुरू. आपला ‘र’ गण, ‘यमाताराजभानसलगा’मधला राजभा. उलटा वाचला तरी तोच. उलटसुलट सारख्या राहणाऱ्या अशा लयाकृतींचं मेस्सियाँना वेड लागलं. त्यांच्या सांगीतिक विचाराचा तो एक खांबच झाला.

पुढे १९५१ च्या सुमारास ऑर्गनसाठी लिहिलेल्या ‘लिव्र दॉर्ग’मध्ये प्रतापशेखर, गजझंप आणि सारस हे तीन ताल नाटकातल्या पात्रांसारखे वावरतात: एक वाढत जातो, एक आक्रसतो, एक जसाच्या तसा राहतो. तालांची संस्कृत नावं ते स्वरलिपीत छापून देत. उसनवारी लपवण्याचा प्रकार त्यांच्याकडे नव्हता.

मग त्यांचं संगीत ऐकताना ताल का धरता येत नाही?

कारण त्यांनी कालखंड घेतले, ठेका घेतला नाही. बोल नाहीत, खाली-भरी नाही, टाळी नाही. मुख्य म्हणजे ज्या समेवर येण्यासाठी आपला जीव टांगणीला लागतो ती समच नाही. ‘संगीतरत्नाकरा’तला ताल आणि आज तबल्यावर वाजणारा त्रिताल यांतही शतकांचं अंतर आहे, हे धरलं तर तक्रारीची धार थोडी कमी होईल.

एक उदाहरण जरा जवळून बघू. मेस्सियाँच्या ‘क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम’ या चार वादकांच्या रचनेचा पहिला भाग. पियानोवर १७ कालखंडांची एक माळ पुन्हापुन्हा फिरते. ती रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल जोडून केलेली आहे. त्याच वेळी पियानोवरच २९ स्वरगुच्छांची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुड्यांची, दुसरी माळ फिरते. पहिला स्वरगुच्छ पहिल्या कालखंडावर पडला. लयीची माळ १७ वर संपली आणि नव्याने सुरू झाली, पण स्वरांच्या माळेत अजून १२ मणी बाकी आहेत. त्यामुळे दुसऱ्या आवर्तनाचा पहिला कालखंड अठराव्या स्वरगुच्छाला मिळतो. १७ आणि २९ या दोन्ही मूळ संख्या. म्हणजे दोन्ही माळा पुन्हा एकाच वेळी पहिल्या मण्यावर यायला ४९३ स्वरगुच्छ वाजावे लागतील, लयीची २९ आवर्तनं. हा भाग जेमतेम तीन मिनिटांचा. ती सम येण्याच्या फार आधी तो थांबतो. चेलोवर पाच स्वर आणि १५ कालखंडांची आणखी एक माळ चालूच असते, आणि वर क्लॅरिनेट व व्हायोलिन पक्ष्यांसारखे मोकळे गात असतात.

तिहाईचा हिशोब बोटांवर करणाऱ्या माणसाला हे गणित समजायला किती वेळ लागेल? फ्रेंच श्रोत्यापेक्षा नक्कीच कमी. आपल्याकडे हिशोब समेवर येण्यासाठी करतात. मेस्सियाँनी तोच हिशोब सम कधी येऊच नये म्हणून केला. रचनेचं नावच काळाच्या अंताबद्दल आहे, तेव्हा काळाचं चाक पूर्ण फिरलेलं त्यांना ऐकवायचंच नव्हतं, असं मी समजतो.

ही रचना तुरुंगात लिहिली म्हणतात, ते खरं का?

युद्धकैद्यांच्या छावणीत. १९४० मध्ये फ्रान्स पडला, मेस्सियाँ सैन्यात होते, पकडले गेले आणि जर्मनीतल्या गॉर्लित्झजवळच्या ‘श्टालाग ८ अ’ छावणीत गेले. तिथे क्लॅरिनेटवादक आँरी अकोका, चेलोवादक एतिएन पास्किए आणि व्हायोलिनवादक झाँ ल बुलेर भेटले. तिघेही व्यवस्थित शिकलेले वादक. क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो, पियानो हा मेळ मुळात विचित्र. हाताशी जे होते त्यांच्यासाठी लिहिलं, म्हणून तो तसा झाला. १५ जानेवारी १९४१ रोजी कडाक्याच्या थंडीत कैदी आणि पहारेकरी यांच्यासमोर पहिलं वादन झालं.

या घटनेभोवती दंतकथा बऱ्याच आहेत. पाच हजार श्रोते होते असं मेस्सियाँ सांगत. अभ्यासकांच्या मते काही शे असावेत. चेलोला तीनच तारा होत्या असंही ते सांगत. खुद्द पास्किए म्हणत, छे, चारही होत्या. मला या कथांपेक्षा अकोकाचं काम मोठं वाटतं. तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे. त्यात अगदी ऐकू येईल न येईल अशा सुरावरून एकच स्वर वाढवत वाढवत कर्ण्यासारखा मोठा करायचा आणि तोवर श्वास पुरवायचा. हे अशक्य आहे, अशी कुरकुर त्याने केल्याचं सांगतात. तरी त्याने ते वाजवलं. आज क्लॅरिनेटचा प्रत्येक विद्यार्थी हा भाग शिकतो. कागदावरची रचना वादकाच्या फुफ्फुसात उतरली की मगच ती असते, असं मी मानतो ते यासाठी.

पण यात सूर कुठे आहे? मला तर सगळं कर्कश वाटतं.

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. ‘सवय करा’ एवढं सांगून तुम्हाला परतवणार नाही. त्याऐवजी एक रचना सुचवतो: जेरार ग्रिझे यांची ‘पार्सिएल’, १९७५ ची, १८ वादकांसाठी.

त्याआधी तानपुरा आठवा. चार तारा जुळल्या, जवारी साधली, की न छेडलेला गांधार आपोआप ऐकू येतो. तो खर्जाच्या तारेच्या पोटातच असतो. कुठलाही स्वर एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे सूक्ष्म स्वर त्याच्यासोबत वाजत असतात. तिसऱ्यातून पंचम मिळतो, पाचव्यातून गांधार. सातवा कोमल निषादाच्या जरा खाली. अकरावा शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधे कुठेतरी.

ग्रिझे यांनी ट्रॉम्बोनचा एक खालचा स्वर घेतला आणि यंत्राने तपासलं की त्यात कोणकोणते सूक्ष्म स्वर, किती जोराने आणि कोणत्या क्रमाने उमटतात. मग ते एकेक स्वर वेगवेगळ्या वाद्यांना वाटून दिले. सुरुवातीला डबल बेस आणि ट्रॉम्बोन तो खर्ज जोरकस देतात आणि त्यावर बाकीची वाद्यं एकामागून एक उमलत जातात. ट्रॉम्बोनचा एक आवाज अठरा जण मिळून, सावकाश, मोठा करून दाखवतात. पुढे हळूहळू त्यात खडबडीतपणा शिरतो, आवाज गोंगाटाकडे झुकतो. शेवटी वादक पानं चाळू लागतात, वाद्यं आवरू लागतात. झांजवाला दोन्ही झांजा लांब नेऊन आपटण्याच्या पवित्र्यात येतो आणि दिवे बंद होतात.

तानपुऱ्याच्या गुंजनात तासन्‌तास बसलेल्या माणसाला हा पहिला भाग कर्कश वाटू नये. वाटला तर मला आश्चर्य वाटेल. या पद्धतीला ‘स्पेक्ट्रल’ संगीत म्हणतात. ग्रिझे आणि म्युराय हे तिचे अध्वर्यू, दोघेही मेस्सियाँचे विद्यार्थी. त्यांच्या पिढीतल्या तरुणांनी १९७३ मध्ये ‘लितिनेरेर’ नावाचा आपला वाद्यसमूहच काढला. स्वतःचं संगीत वाजवून घेण्यासाठी स्वतःच उभं राहायचं, हा त्यातला निश्चय मला मोठा वाटतो. ग्रिझे पुढे १९८७ पासून कॉन्झर्व्हेटरीतच शिकवत होते. १९९८ मध्ये, अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते गेले.

बाकी सगळं नवं संगीत असं गोड वळणावरून जात नाही हे खरं. काही रचना मुद्दाम टोचतात. त्या मलाही सगळ्या आवडत नाहीत.

वादक वाद्यातून विचित्र आवाज काढतात. ते चुकून की मुद्दाम?

मुद्दाम, आणि ते लिहिलेलं असतं. व्हायोलिनचा गज घोडीला चिकटून चालवला की धातूसारखा, काचेसारखा आवाज येतो. गजाच्या लाकडी बाजूने तारेवर आपटलं की टकटक. बासरीत फुंकताना जीभ थरथरवली की स्वर फडफडतो. क्लॅरिनेटवर विशिष्ट बोटं आणि ओठांचा दाब जमला की एका वाद्यातून एकाच वेळी दोन-तीन स्वर निघतात. हे शेवटचं फार बेभरवशाचं काम. एकच खूण दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या क्लॅरिनेटवर वेगळी वाजते. म्हणूनच रचनाकाराला वादकाशेजारी बसून एकेक आवाज पडताळावा लागतो. लुचानो बेरिओ या इटालियन रचनाकाराने १९५८ पासून एकेका वाद्यासाठी ‘सेक्वेन्झा’ नावाची एकल रचनांची मालिका लिहिली. त्यातली प्रत्येक त्या वाद्याची हद्द कुठवर जाते ते तपासते.

सगळं लिहिलेलंच असेल तर वादकाला वाव काय?

बराच. स्वर लिहिलेला असला तरी त्याचा दाब, रंग, श्वास, दोन स्वरांमधली शांतता हे वादकाचंच. शिवाय काही रचनांत क्रमच मोकळा असतो. श्टॉकहाउझेन यांच्या १९५६ च्या ‘क्लाव्हियरश्टुक ११’ या पियानो रचनेत एका मोठ्या कागदावर १९ तुकडे विखुरलेले आहेत. नजर पडेल तो वाजवायचा. मात्र आलाप-बढतीसारखं राग उलगडत नेणं यात शोधू नका. ती आपली श्रीमंती आहे, आणि तिच्यासाठी आपली मैफल आहेच.

शिक्षण संपल्यावर हे वादक नवं संगीत कुठे वाजवतात?

बरेचसे नेहमीच्या वाद्यवृंदांत जातात. थोडे खास नव्या संगीतासाठीच्या समूहांत. बुलेझ यांनी १९७६ मध्ये ‘आंसांब्ल अँतेरकाँतांपोरँ’ हा ३१ एकल वादकांचा समूह स्थापन केला. तो १९९५ पासून कॉन्झर्व्हेटरीच्या शेजारीच मुक्कामाला आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांना अनुभवी वादकांच्या मांडीला मांडी लावून बसता येतं. ध्वनी आणि संगणक यांच्या संशोधनासाठी बुलेझ यांनीच उभी केलेली ‘इर्काम’ ही संस्था पाँपिदू केंद्राला लागून आहे.

या साऱ्यात बायका कुठे आहेत?

पूर्वी दार अरुंद होतं. मानाचं ‘प्री द रोम’ पारितोषिक संगीतासाठी स्त्रीला पहिल्यांदा मिळालं ते १९१३ मध्ये, लिली बुलाँजे यांना, एकोणिसाव्या वर्षी. त्यांची थोरली बहीण नादिया बुलाँजे विसाव्या शतकातल्या सर्वांत प्रभावी संगीतशिक्षिकांपैकी एक. मेस्सियाँच्या पियानो रचना ज्यांच्या हातांसाठी लिहिल्या गेल्या त्या इव्हॉन लोरिओ मेस्सियाँच्याच वर्गात शिकल्या, कॉन्झर्व्हेटरीत पियानो शिकवू लागल्या आणि पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. बेट्सी जोलास सत्तरच्या दशकात आधी मेस्सियाँच्या जागी वर्ग घेत, मग स्वतः प्राध्यापक झाल्या. त्यांच्या रचना जेवढ्या वाजायला हव्यात तेवढ्या वाजत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचं कुणी या वाटेने गेलं का?

वनराज भाटिया. मुंबईचे, जन्म १९२७. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये सुवर्णपदक मिळवून ते पॅरिसला नादिया बुलाँजे यांच्याकडे शिकायला गेले आणि १९५९ च्या सुमारास परतले. परतल्यावर मुंबईत या संगीताला व्यासपीठ जवळजवळ नव्हतंच. जाहिराती आणि सिनेमा यांनी त्यांना काम दिलं. ‘अंकुर’, हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरून घेतलेला ‘भूमिका’, ‘तमस’, ‘भारत एक खोज’ हे सगळं त्यांचंच. ‘भारत एक खोज’ सुरू होताना नासदीय सूक्ताचं जे समूहगायन घुमायचं, ते आठवा. एकावर एक रचलेले ते आवाज लंडन-पॅरिसच्या तालमीतले आहेत आणि शब्द ऋग्वेदातले. दूरदर्शनसमोर बसलेल्या लाखो मराठी घरांनी समकालीन पाश्चात्त्य पद्धतीची रचना तेव्हाच ऐकली होती. भाटियांनी पियानोसाठी आणि वाद्यवृंदासाठीही लिहिलं, गिरीश कार्नाडांच्या ‘अग्नी आणि पाऊस’च्या कथेवर ऑपेरा रचला. २०२१ मध्ये ते गेले. त्यांचं मैफलीसाठीचं काम वाजवायला आपल्याकडच्या तरुण वादकांनी हाती घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

उलट दिशेचं उदाहरण उस्ताद झाकीर हुसेन यांचं. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला. त्याच्यासाठी झाकीरभाईंनी ‘पेशकार’ हा तबला आणि वाद्यवृंदाचा कन्चेर्तो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांची रचना, रचला, २०१५ मध्ये तो मुंबईत प्रथम वाजला. तबल्याच्या एकलवादनाचा आरंभ जिथे होतो तो पेशकार वाद्यवृंदाच्या तोंडी ऐकणं, हा आपल्या पोरांनी घ्यावा असा अनुभव आहे.

मुंबई-पुण्यात, गोव्यात हे प्रत्यक्ष ऐकायला मिळतं का?

कमी. एनसीपीएच्या हंगामांत भर जुन्या रचनांवर असतो, पण अधूनमधून नव्या असतात. कार्यक्रमपत्रिका नीट पाहत जा. आलियाँस फ्रान्सेझ या फ्रेंच भाषा-संस्कृती केंद्राच्या कार्यक्रमांवरही लक्ष ठेवा. गोव्यात पाश्चात्त्य संगीत चर्चच्या शाळांपासून घरात मुरलेलं आहे आणि कला अकादमीत त्याचं शिक्षण मिळतं, त्यामुळे तिथला श्रोता याला लवकर सरावतो. पॅरिसला जाणं झालं तर कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्यांचे कार्यक्रम चुकवू नका. त्यातले बरेच विनामूल्य असतात आणि रचनाकार अनेकदा तुमच्या मागच्याच रांगेत बसलेला असतो.

सुरुवात कुठून करू?

मेस्सियाँच्या ‘क्वार्टेट’चा पाचवा भाग, चेलो आणि पियानोचा. अतिविलंबित, लांब श्वासाचा. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला त्यात परकं काही वाटणार नाही. मग तिसरा, एकट्या क्लॅरिनेटचा, आणि मग पहिला, १७ आणि २९ चा. त्यानंतर देब्युसींची क्लॅरिनेटची ऱ्हॅप्सडी, म्हणजे परीक्षेची रचना किती देखणी असू शकते ते कळेल. मग ‘पार्सिएल’, हेडफोन लावून, खर्ज नीट ऐकू येईल असा. ‘तुरंगलीला’ ही मेस्सियाँची दहा भागांची सिंफनी, १९४९ मध्ये बॉस्टनला लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजलेली, मात्र थोडी थांबवा. ती प्रचंड आहे, सव्वा तासाच्या वर चालते. आधी फक्त पाचवा भाग ऐका. प्रत्येक रचना एकदाच ऐकून मत बनवू नका. दोन-तीनदा, वेगळ्या वादकांकडून ऐका.

टाळ्या कधी वाजवायच्या? मधे दाद दिली तर चालते का?

भाग संपल्यावर नाही, पूर्ण रचना संपल्यावर. मधे ‘वाह’ म्हणणं तिथे व्यत्यय समजतात. शेवट झाला की नाही अशी शंका असेल तर वादकांचे हात पाहा. गज किंवा वाद्य खाली आलं की संपलं.

माझी मुलगी व्हायोलिन शिकते. तिला पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत जाता येईल का?

परदेशी विद्यार्थ्यांना दार उघडं आहे, पण प्रवेश-स्पर्धा कडक आहे आणि वाद्यानुसार वयोमर्यादा असतात. त्या दर वर्षी संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. शिकवणं फ्रेंचमध्ये होतं, तेव्हा भाषेची तयारी आधीपासून हवी. सरकारी संस्था असल्याने खासगी अमेरिकन संस्थांच्या मानाने फी बरीच कमी. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र पॅरिसचा. स्वरलिपीवाचन आणि श्रवणलेखन यांकडे आपल्याकडचे विद्यार्थी दुर्लक्ष करतात, ते करू नका. आणि परीक्षेच्या ठरलेल्या तुकड्यांबरोबर एखादी पन्नास वर्षांतली रचना तिला आतापासूनच द्या. जवळपास कुणी रचना लिहायला शिकत असेल, तर त्याने तिच्यासाठी दोन पानं लिहावीत आणि तिने ती वाजवावीत. याहून चांगली तयारी मला माहीत नाही.